ऊन दिलेली गादी

जगूदादा राऊत कोणाच्याही घरी गेले की आधी त्या घरातल्या गादीवर आडवे होत. चहा नंतर, ख्यालीखुशाली नंतर. घरातल्या बाईने बसायला पाट पुढे करावा, तोवर हे चपला काढून आतल्या खोलीत पोचलेले असत. गादीत आधी उजवा गुडघा दाबायचा, मग कोपर रोवायचं, मग नाक खुपसून वास घ्यायचा आणि शेवटी उताणं पडून छताकडे बघत राहायचं. उठताना निकाल. "कापूस बरा हाय, पण उडतो." किंवा, "तळाला वल्ली हाय," म्हणजे आत ओल आहे. एकदा गल्लीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा वडीलधारे म्हणून जगूदादांना बोलावलं होतं. मुलीचा होणारा सासरा ज्या गादीवर पोहे खात बसला होता, तिच्यावरून त्याला बशीसकट उठवून ह्यांनी ती तपासली. ते लग्न तरीही जमलं, ह्याचं श्रेय मी मुलीला देतो.

मी साताऱ्याकडचा. तारापूरला विजेच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं, त्या वर्षांत एका कंत्राटदाराच्या हापिसात टायपिस्ट म्हणून आलो आणि सालवडला खोली घेतली. शेजारच्या दोन खोल्यांत राऊत नवरा-बायको. माझी वळकटी सोडून गादी पसरली आणि तांब्याभर पाणी आणायला बाहेर गेलो. परत येतो तो गादीवर एक पन्नाशीचा, काळासावळा, काटक माणूस डोळे मिटून पडलेला.

"घाटावरची सरकी हाय," तो डोळे न उघडता म्हणाला. "गाठी हाईत. तुमी एका कुशीवर झोपता काय, भाऊ?"

मी खरोखरच एका कुशीवर झोपत असे. पण अनोळखी माणसाने पहिल्या भेटीत हे ओळखावं, ह्याचा मला राग आला. मी सव्वीस वर्षांचा होतो, इंग्रजी टायपिंग येत असल्यामुळे स्वतःला फार शहाणा समजत होतो आणि मला कशाचाही राग येत असे. आता वय झालं. राग कमी झालेला नाही, फक्त त्याची दिशा बदलली आहे.

जगूदादा गवताचे पारखी होते. तेव्हा बोईसर स्टेशनाजवळ गवताच्या वखारी असत. दिवाळी उलटली की डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं गवत कापून भारे घेऊन येत, वखारीत दाबाच्या यंत्राखाली त्याच्या गाठी बांधल्या जात आणि वॅगनी भरून त्या मुंबईच्या तबेल्यांना जात. माल घ्यायचा की परत पाठवायचा, हे जगूदादा ठरवत. भाऱ्यात खांद्यापर्यंत हात घालत, क्षणभर थांबत, मूठभर काडी ओढून हुंगत आणि बोलत. त्यांच्या शब्दापुढे मालकसुद्धा बोलत नसे. कारण ओलं गवत रचलं तर ते आतल्या आत तापतं आणि एके दिवशी आपोआप पेटतं. जगूदादांनी तरुणपणी दोन गंज्या तशा जळताना पाहिल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य होतं आणि ते दिवसातून चारदा तरी ऐकायला मिळे. "उनाशिवाय मालाला इमान नाय."

हे गवतापुरतं असतं तर ठीक होतं. पण जगूदादा सगळ्यालाच ऊन देत. नवी छत्री आणली की आधी दोन दिवस उन्हात. नवं पंचांग उन्हात. बाजारातून आणलेली सुकट, जी मुळात उन्हातच तयार झालेली असते, तीही पुन्हा उन्हात. पोस्टातून आलेलं पत्र फोडण्याआधी अंगणात दगडाखाली ठेवायचे, कारण ते कुठल्या ओल्या थैलीतून आलं कोण जाणे. एकदा पोस्टमनने माझं पत्र चुकून त्यांच्याकडे दिलं. माझ्या आईला बरं नसल्याचं ते पत्र अर्धा दिवस अंगणात ऊन खात पडलं होतं. मी तणतणलो, तर जगूदादा शांतपणे म्हणाले की वाईट बातमी वल्ली वाचू नये.

दुसरी एक खोड होती. वखारीतून आले की सरळ घरात जात नसत. विहिरीवर अंघोळ करत, वखारीचे कपडे तिथेच कुंपणावर टाकत, धुतलेलं धोतर नेसत आणि मग उंबरा ओलांडत. माघातल्या थंडीतसुद्धा. मला वाटे, कसलं तरी सोवळं असेल. हापिसात मी ह्या सगळ्याच्या नकला करून दाखवत असे. टेबलावर गुडघा दाबून, फायलींना नाक लावून "तळाला वल्ली हाय" म्हटलं की हेडक्लार्कसुद्धा पोट धरून हसायचा. परक्या गावात ओळखी वाढवायला मला जगूदादा फार उपयोगी पडले.

त्यांच्या बायकोचं नाव मथुरा. मी वहिनी म्हणत असे. वहिनींना दमा होता. लग्नानंतर बारा वर्षं दोघं वखारीच्याच मागल्या खोलीत राहत. गंज्यांची राखण जगूदादांकडे होती आणि दाबाभोवतीची जमीन झाडायचं काम वहिनींकडे. गवताची ती बारीक पिवळी धूळ बारा वर्षं छातीत गेली. पालघरच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की बाईला गवतापासून लांब न्या. म्हणून सालवडच्या खोल्या. पण दमा वखारीतल्या खोलीबरोबर मागे राहिला नाही. वहिनींचं बोलणं तीन शब्दांवर तुटे. "बसा भाऊ, चहा..." आणि मग श्वास. "...टाकते." पाठ टेकून आडवं झालं की त्यांचा जीव घुसमटायचा. त्यामुळे त्या भिंतीला टेकून, बसूनच झोपत. किती वर्षं, असं मी एकदा विचारलं तर त्या हसल्या आणि बोटं मोजायला लागल्या आणि मोजता मोजता त्यांना धाप लागली.

जगूदादा लोकांच्या गाद्यांवर का पडत होते, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं. त्यांना वहिनींसाठी गादी आणि पलंग हवा होता. पण त्यांच्या अटी ऐकल्यावर मला दया येण्याऐवजी हसू यायचं. गादीतून धूळ उडता कामा नये, म्हणजे कापूस बाद, काथ्या बाद, गवताचं तर नावच नको. पलंगाची उशाकडची बाजू वर व्हायला हवी आणि ती वर झाली की गादीने पलंगाबरोबर वाकायला हवं, घसरून पायाशी गोळा होता कामा नये. आणि पलंग दोघांचा हवा.

ह्या तिसऱ्या अटीवरून आमचं वाजलं. पालघरला एक खासगी दवाखाना बंद झाला आणि त्याचं सामान निघालं. त्यात आजाऱ्याची लोखंडी खाट होती, दांडा फिरवला की डोकं वर होणारी. मी स्वतः शोध लावला, अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि जगूदादांना घेऊन गेलो. त्यांनी गुडघा दाबला, कोपर रोवलं, वितीने रुंदी मोजली, दांडा चारदा फिरवून बघितला. मग खाली उतरले.

"एकाची हाय," ते म्हणाले आणि चपला घालून चालायला लागले.

मी स्टेशनापर्यंत त्यांना ऐकवत गेलो. बाई बसून रात्री काढते आणि तुम्हाला शेजारी पसरायला जागा हवी? तिच्या दुखण्यातसुद्धा वाटा? तुम्ही खाली चटईवर पडा की. जगूदादा गाडीत माझ्याकडे पाठ करून बसले आणि सफाळ्याकडून आलेल्या एका बाईच्या टोपलीतल्या भाजीला ऊन किती लागलंय ते बघत राहिले. त्या दिवशी मी त्यांच्यावर स्वार्थी असा शिक्का मारून टाकला. माणसावर शिक्का मारला की पुढे त्याच्याशी कसंही वागायची मोकळीक मिळते.

शोध चालूच होता. कोणीतरी सांगितलं की सातपाटीला नायलॉनची नवी जाळी आली आहेत, त्यांचा ढीग मऊ असतो आणि त्यातून धूळ उडत नाही. जगूदादा सातपाटीला गेले आणि किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांच्या ढिगावर जाऊन उताणे पडले. तिथल्या बायकांना वाटलं कोणी तरी ताडी पिऊन पडलाय. त्यांनी आधी शिव्या घातल्या, मग कारण कळल्यावर एकीने भाकरी आणि बोंबील खाऊ घालून परत पाठवलं. "धूळ नाय," त्यांनी आल्यावर मला सांगितलं, "पण तुमच्या वहिनीला दर्यात झोपल्यावानी वाटंल." मी हेही हापिसात करून दाखवलं.

आणि मग मडमचा पलंग निघाला.

बांधकामावरच्या परदेशी साहेबांची बिऱ्हाडं परतायला लागली होती. त्यांतल्या एका साहेबाला पाठीचं दुखणं होतं आणि त्याने आपल्या देशातून दोघांचा पलंग आणला होता. हँडल फिरवलं की उशाची बाजू हवी तेवढी वर. त्यावर रबराच्या चिकाची गादी, सलग, मधमाशीच्या पोळ्यासारखी आतून भोकं असलेली. निघण्याआधी त्याची मडम घरातलं सामान देऊन टाकत होती. तिची इंग्रजी यादी टाइप करायला माझ्याकडेच आली. मी सहज म्हणून जगूदादांना सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता धुतलेलं धोतर नेसून माझ्या दारात उभे.

मडमच्या बंगल्यात दारापाशी वाट बघत आणखी चारपाच माणसं होती, हापिसातलीसुद्धा. जगूदादांनी पलंग पाहिला आणि त्यांना आजूबाजूचं काही दिसेनासं झालं. गुडघा. कोपर. गादीची खोळ उघडून खांद्यापर्यंत हात आत. नाक लावून इतका वेळ वास घेतला की मडमने माझ्याकडे काळजीने पाहिलं. मग उताणे झाले आणि त्यांनी मला बोलावलं.

"भाऊ, या. बाजूला पडा."

मी ऐकलंच नाही असं केलं. त्यांनी पुन्हा बोलावलं. दोघांचा पलंग एकाने कसा पारखायचा? शेवटी मी बूट काढले आणि त्या परक्या बाईच्या पलंगावर, हापिसच्या माणसांसमोर, जगूदादांच्या शेजारी जाऊन पडलो. मडमला एव्हाना गंमत वाटायला लागली होती. तिने स्वतः हँडल फिरवलं. आमची दोन डोकी बरोबरीने हळूहळू वर आली. दारात हेडक्लार्क तोंडावर रुमाल धरून थरथरत होता. ज्या माणसाच्या नकला मी वर्षभर केल्या, त्याच्या शेजारी आज मीच नमुना म्हणून पडलो होतो.

"दोघं एका उंचीला आले," जगूदादा म्हणाले. मग गादीवर तळहात टेकला. "घेतला."

किमतीची घासाघीस झालीच नाही, मडम जाण्याच्या घाईत होती. पण निघताना तिने आम्हाला थांबवलं आणि गादीवर हात ठेवून, खिडकीबाहेर बोट दाखवून सावकाश सांगितलं. ही गादी रबराची आहे. हिला उन्हात कधीही ठेवू नका, ऊन रबराला खाऊन टाकतं. खोळ काढू नका. ओली झाली तर सावलीतच वाळवा. बाई भली होती. मला नीट कळावं म्हणून तिने दोनदा सांगितलं.

"काय म्हणते मडम?" जगूदादांनी विचारलं.

मी बुटाची नाडी बांधत होतो. दारातलं हसणं थांबलं नव्हतं. हे जर ह्यांना सांगितलं तर ऊन का नको, किती नको, सकाळचं चालेल का, असे प्रश्न सुरू होणार आणि ते सगळे मला इंग्रजीत विचारावे लागणार. मला तिथून फक्त बाहेर पडायचं होतं.

"म्हणते, नीट सांभाळा," मी म्हणालो.

पलंग बैलगाडीतून सालवडला आला. आतल्या खोलीचं दार अरुंद, म्हणून तो बाहेरच्याच खोलीत मांडला. त्या रविवारी दुपारी मी त्यांच्या दारावरून गेलो तेव्हा दोघं पलंगावर होती. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखी, माना मागे टाकून, बरोबरीने. वहिनींचं तोंड उघडं होतं आणि त्या घोरत होत्या. जगूदादा जागे होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पुढचा महिना-दीड महिना वहिनी वेगळ्याच होत्या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली. एकदा विहिरीवर भेटल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यामुळं झोप काय असते ते कळलं बघा." सगळं वाक्य एका श्वासात. बोलून झाल्यावर त्या स्वतःच चकित होऊन थांबल्या. वालाच्या शेंगांचं कालवण माझ्याकडे तीनदा आलं. मी ते चवीने खाल्लं.

ऊन मात्र पहिल्या दिवसापासून सुरू झालं होतं. मी ओट्यावर दात घासत होतो. जगूदादांनी गादीची खोळ उतरवली, कारण बांधलेल्या मालाला ऊन पोचत नाही, गाठ सोडावी लागते. अंगणात खुंटांवर आडवी टाकलेली बांबूची ताटी होती, तिच्यावर ती पांढरी गादी नागडी पसरली. सकाळपासून जेवणवेळेपर्यंत. मी चूळ भरली आणि मनात म्हटलं, एक दिवसाने काय होतंय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, संध्याकाळी सांगू. तिसऱ्या दिवशी हापिसात काम होतं. पहिल्या दिवशी ते एक साधं वाक्य होतं. आठवड्याने ते सांगायचं म्हणजे मी आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. आणि मडमने उगीच वाढवून सांगितलं असेल, परदेशी माणसं सगळ्याच गोष्टींची काळजी करतात, अशी माझी मी समजूत घालत होतो. चैत्र आला, ऊन वाढलं. मी दात घासायला मागच्या बाजूला जायला लागलो.

गादी आधी पिवळी पडली. मग वरून कडक झाली. एके दिवशी जगूदादांनी गुडघा दाबला तर पापड मोडल्यासारखा आवाज आला. त्यांचा चेहरा उतरला, पण निदान त्यांच्यापाशी तयार होतं. दर्यावरचा दमट वारा आत शिरला, माल तळाला वल्ला झाला. औषधही तयार होतं. आता सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन. जितकी गादी बिघडत गेली, तितकं ते ऊन वाढवत गेले. मधे मधे उलटी करत, कडा मोकळ्या करत, पाहुण्याला वाढावं तसं त्या गादीला ऊन वाढत. वैशाखात तिचा भुगा व्हायला लागला. बारीक, पिवळट, नाकात जाणारा. ज्या माणसाने धूळ नको म्हणून आख्खा तालुका पालथा घातला, त्याच्या घरात त्याने स्वतःच्या हाताने धूळ तयार केली. वहिनी खोकायला लागल्या. जगूदादा दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने पलंग पुसत. मी भिंतीपलीकडून दोन्ही ऐकत होतो, खोकला आणि फडकं पिळल्याचं पाणी.

एकदा मी गेलो. ठरवूनच गेलो होतो, सगळं सांगून टाकायचं म्हणून. जगूदादा गादीचा एक तुकडा तळहातावर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "भाऊ, माझी पारख चुकली नाय ना?"

त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं की नाही दादा, चूक तुमची नाही. मी म्हणालो की रबराचं काही सांगता येत नाही. आणि घरी आलो.

मृगाआधी गादी उकिरड्यावर गेली. कापसाची टाकून पाहिली, ती घसरून पायाशी गोळा झाली. वहिनी पुन्हा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायला लागल्या. पावसाळा त्यांना दरवर्षीच जड जायचा. त्या वर्षी श्रावणात त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच झिजलेली होती, इतकी वर्षं काढली हेच नवल. त्यांनी गादीचं नावही काढलं नाही. गावात कोणीच काढलं नाही. मीच काढतो.

वहिनींचे दिवस झाल्यानंतर मी जगूदादांकडे जाणं टाळत होतो. भाद्रपद संपता संपता, ऊन पडायला लागल्यावर, त्यांनीच बोलावणं पाठवलं. बाहेरच्या खोलीत लोखंडी पलंग उघडा उभा होता. "आत या," आवाज आला. इतक्या दिवसांच्या शेजारात मी त्यांच्या आतल्या खोलीत कधी गेलो नव्हतो.

जगूदादा भिंतीला टेकून बसले होते. डोळे अर्धवट मिटलेले, नुकतेच जागे झाल्यासारखे. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर तेलाचा गोल डाग होता. काळा, जाड, वर्षानुवर्षं डोकं टेकून पडलेला. आणि त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, तेवढ्याच उंचीवर, तसाच दुसरा डाग.

मी त्या दोन डागांकडे बघत उभा राहिलो. माझं बघणं त्यांच्या लक्षात आलं.

"ती बसलेली आन् मी पसरलेला, बरं नाय वाटत," ते म्हणाले. आपली एखादी खोड कबूल करावी तसे, जरा लाजून. "माझ्या वखारीच्या धुळीनं तिला बसवली. मंग मी पण बसलो. आता सवय झाली, आडवा झालो तर झोपच लागत नाय."

पालघरच्या स्टेशनापर्यंत मी ह्या माणसाला काय काय ऐकवलं होतं, ते सगळं माझ्या कानात परत आलं. एकाची हाय. तो बाजूला पसरायला जागा मागत नव्हता. एवढ्या वर्षांनी दोघांनी एकदम पाठ टेकावी, एवढंच त्याला हवं होतं. ते त्याला दीड महिना मिळालं, आणि तेवढंच मिळालं ह्याला कारण मी होतो.

त्यांनी मला कशाला बोलावलं ते सांगितलं. मडमला पत्र लिहायचं होतं, इंग्रजीतून. तिचा पत्ता आमच्या हापिसात असणार. कागद, दौत आणि टाक त्यांनी आधीच आणून ठेवला होता. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. तुमचा पलंग फार चांगला होता. माझी बायको त्यावर दीड महिना आडवी झोपली. गादी टिकली नाही, ह्यात तुमच्या मालाचा दोष नाही, आमच्याकडची हवाच दमट. बायको गेली. तुमचे उपकार आहेत.

मग ते थांबले आणि म्हणाले, "आनखी एक लिवा. तिला वाटंल का मी हयगय केली. लिवा का तुमी सांगितलं तसं रोज ऊन दिलं."

माझा हात थांबला.

"ती खिडकीतून उनाकडं बोट दाखवीत व्हती ना? दोनदा दाखवलं. मना भाषा कळत नाय, पण तेवढं कळलं," जगूदादा म्हणाले. "माझ्या मनात आलं, एवढी लांबची बाई, पण मालाची पारख हाय तिला. म्हून तर मी एक दिस चुकवला नाय."

आता मी सांगू शकलो असतो. वहिनी गेल्या होत्या, गादी गेली होती, बिघडायला काही उरलं नव्हतं. पण मी सांगितलं असतं तर त्या माणसाला कळलं असतं की बायकोसाठी त्याने रोज न चुकता जे केलं, त्यानेच तिची झोप मोडली. मी त्याला वाचवलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी मलाच वाचवत होतो. मडमसमोर वाचवलं होतं तसंच.

मी टाक दौतीत बुडवला आणि ते वाक्य न लिहिता खाली सही करायला जागा सोडली. उन्हाचं एक अक्षर त्या पत्रात आलं नाही. जगूदादांनी ते पत्र मराठीत वाचून दाखवायला सांगितलं, तेव्हा मात्र मी ते वाक्य म्हटलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज ऊन दिलं. ते ऐकून त्यांनी मान हलवली आणि मोडीत सही केली.

मी पत्र पाकिटात घालायला लागलो, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. भिंतीला हात लावून उठले, अंगणात गेले आणि जिथे गादीची ताटी असायची तिथे, लख्ख उन्हात, कागद जमिनीवर ठेवून त्याच्यावर एक दगड ठेवला.

"शाई वल्ली हाय," ते म्हणाले. "जरा थांबा, भाऊ."

मी ओट्यावर बसून थांबलो.